अक्कांची मागची खोली

सोलापूर शहरात जी वस्तू एकदा जन्माला आली ती मोडो, फुटो, विटो की नुसती जुनी होवो, शेवटी ती माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या मागच्या खोलीत येऊन पोचते, हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगायला तयार आहे. त्यांना घरीदारी सगळे अक्का म्हणतात, मीही अक्काच म्हणते. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ती खोली दाखवली होती. दाखवली म्हणजे दार चार बोटं उघडलं. त्याहून जास्त ते उघडतच नव्हतं. त्या फटीतून मला सायकलचं एक चाक, उलटी टांगलेली खुर्ची आणि त्या खुर्चीच्या पायांना अडकवलेल्या पाच छत्र्या दिसल्या. अक्का मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, "काय लागलं तर लाजू नको बरं का, हितं सगळं हाय." आता माझा स्वभाव सांगते. मला आवरण्याचं वेड आहे. घरातल्यांचं वर्तमानपत्र वाचून व्हायच्या आत मी ते रद्दीत टाकते, आणि आमचे हे म्हणतात की आंघोळीला जायची भीती वाटते, बाहेर येईपर्यंत ही कपडे बोहारणीला देऊन मोकळी व्हायची. अशा दोन बायका एकाच घराण्यात सुना म्हणून आल्या. त्या फटीतून बघतानाच मी ठरवून टाकलं होतं, की एक ना एक दिवस ही खोली मी रिकामी करणार.

खरं तर दोष अक्कांचा नाही, त्यांच्या नोकरीचा आहे. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि दरवर्षी न चुकता पोरांकडून 'टाकाऊपासून टिकाऊ' करून घेतलं. बाकीच्या शिक्षकांना तो एक तास असतो. अक्कांनी ते ब्रीद म्हणून घेतलं. आगपेटी दिसली की त्यांना सोफासेट दिसायचा, लग्नपत्रिका दिसली की गणपती, आणि बांगड्यांचे तुकडे दिसले की मोर. वर्गात पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायच्या, आणि शाळेचं फाटक ओलांडलं की अस्सल सोलापुरी. माझ्या सख्ख्या भाच्याच्या लग्नात जेवणानंतर कुल्फी होती. वऱ्हाडी कुल्फी खातायत, हसतायत, आणि आमच्या अक्का पैठणी नेसून, नथ घालून, प्रत्येक टेबलापाशी जाऊन उभ्या राहतायत. "झाली का खाऊन? आण ती काडी हिकडं." नवरदेवाच्या मामांनी घाबरून अर्धी कुल्फी तशीच गिळली. परतीच्या रिक्षात अक्कांनी पदराची गाठ सोडून काड्या मोजल्या, त्या एकशेबारा भरल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की जणू लग्नातला मुख्य आहेर त्यांनाच मिळालाय. मी रिक्षाच्या बाहेर तोंड करून बसले होते.

दुधाच्या पिशव्या त्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. एक साडी, चार पिशव्या, एक परकर, चार पिशव्या, असा तो क्रम. घरात मिक्सर चार. एकाला भांडं नाही, दुसऱ्याला मोटर नाही, तिसऱ्याला दोन्ही आहे पण झाकण नाही, म्हणून चौथा घेतला. आणि चौथा खराब होऊ नये म्हणून चटणी पाट्यावर वाटायची. आहेरात आलेल्या चादरी पिशवीतून बाहेर निघालेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. आख्ख्या देशाला चादरी पांघरायला घालणारं आमचं गाव, आणि अक्का नि मोठे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, ठिगळ लावलेली जुनी चादर अर्धी-अर्धी पांघरून झोपायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "अहो, एक नवी फोडा की!" तर म्हणाल्या, "पाव्हणं आल्यावर काय घालू मग?" पाहुणे आले की त्यांना गल्लीतच असलेल्या आमच्या बिऱ्हाडी झोपायला पाठवत, कारण त्यांच्याकडे जागा नसे.

पण खोटं कशाला बोलू? या बाईनं गल्लीची गरज भागवली नाही असा महिना गेला नाही. कुणाच्या कुकरची शिट्टी हरवली, अक्का. पोराला सकाळी आठ वाजता शाळेत पुठ्ठा आणि नारळाची करवंटी न्यायचीय आणि हे त्याला पावणेआठला आठवलंय, अक्का. फक्त एक होतं, की मागितलेली वस्तू आज मिळेल याची खात्री नसे. शिट्टी मागणाऱ्या बाईला ती पुढच्या मंगळवारी मिळाली. तोवर तिनं नवा कुकर घेतला होता, आणि जुना कुकर अर्थातच अक्कांकडे आला.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा अक्का मंगळवेढ्याला त्यांच्या बहिणीकडे गेल्या होत्या. तेवढ्यात मी भाऊजींना फितवून तीन पोती भरली आणि हातगाडी घेऊन फिरणाऱ्या भंगारवाल्याला देऊन टाकली. काय आनंद झाला होता म्हणून सांगू! संध्याकाळी अक्का एसटीतून उतरून घरी येतात तो भंगारवाला दारात, तिन्ही पोत्यांसह. तो अक्कांचा विद्यार्थी निघाला. "बाई, तुमचा माल हाय हा, मी बघताच वळकला," तो हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या घरातनं कुणीतरी चोरून इकतंय. ध्यान ठेवा." अक्कांनी त्याला चहा पाजला, पाठीवरून हात फिरवला, आणि त्याच्या गाडीवरची एक चांगली चाळणी विकत घेतली. भाऊजी आणि मी स्वयंपाकघरात उभं राहून एकमेकांकडे बघत राहिलो.

अशी वर्षं गेली. अक्का निवृत्त झाल्या तेव्हा शाळेतलंही सामान घरी आलं. मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर पुण्याला गेली, सासर नातेपुत्याला. आणि या संक्रांतीला, तिचा सातवा महिना चालू असताना, तिचा मोबाईलवर व्हिडिओ कॉल आला. मी तिळगूळ द्यायला म्हणून तिथेच होते. ती म्हणाली, "आई, बाळंतपणाला येतेय ना मी, खोली दाखव." अक्कांनी फोन उचलला आणि पुढच्या खोलीचा एक कोपरा दाखवला. मग दोन पावलं सरकून तोच कोपरा डावीकडून दाखवला. मग उजवीकडून. "ही बघ की, किती मोकळी हाय." पलीकडून पोरगी थंडपणे म्हणाली, "आई, ते पुढच्या खोलीतलं कॅलेंडर आहे." अक्कांनी फोन खाली केला, पण पोरगी थांबली नाही. "बाळाला ठेवायचं कुठं मी? मिक्सरवर? इथं सासूबाईंनी नातेपुत्याला खोली रंगवून तयार ठेवलीय. रथसप्तमीला मी परत फोन करीन. मागच्या खोलीची फरशी दिसली तर बॅग भरते. नाही दिसली तर मी नातेपुत्याला जाते, आणि तू बारशाला ये."

फोन बंद झाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. ते तसं झालं नाही तर लोक बोलतात, पण अक्का लोकांचं काही बोलल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाल्या, "तिच्या बाळाला मी न्हाऊ घालायचं गं. दुसऱ्या कुणाच्या हातानं कसं चालंल?" मला भडभडून आलं, आणि त्याच वेळी, खरं सांगते, अंगात वीज संचारली. इतक्या वर्षांनी मुहूर्त लागला होता!

पहिले तीन दिवस अक्कांनी एकटीनं आवरायचं ठरवलं. तीन ढीग केले. एक 'राहू दे', दुसरा 'बघू', आणि तिसरा 'ह्याचं काय करायचं ते सुचंल'. चौथा ढीगच नव्हता. तीन दिवसांत घराबाहेर गेली ती एक शाई संपलेली लेखणी, आणि तिचं टोपण चांगलं आहे हे आठवून संध्याकाळी ती परत आत आली. चौथ्या दिवशी मी कंबर कसून गेले. ढिगाऱ्यात हात घातला तर काय! पस्तीस वर्षांच्या हळदीकुंकवांतली वाणं, जशीच्या तशी, कागदात गुंडाळलेली. स्टीलच्या वाट्या, गाळण्या, करंडे, साबणाच्या डब्या, कंगवे, आरसे. त्याखाली आहेराच्या चादरी, टॉवेल, ब्लाउजपीस. मी म्हटलं, "अक्का, टाकू नका. वाटा! संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतंच. यंदा गड्ड्याच्या जत्रेतून नवं वाण आणायचं नाही, या खोलीतलंच द्यायचं."

"आलेलं वाण परत वाण म्हणून देत्यात व्हय?" अक्कांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पस्तीस वर्षांनी कोण ओळखतंय?"

"मी वळकते की," त्या म्हणाल्या. शेवटी तडजोड झाली. येणाऱ्या प्रत्येकीला खरं ते सांगायचं: हे मला आलेलं आहे, वापरलेलं नाही, लागत असेल तर ने. गल्लीतल्या, शाळेतल्या, भाजीवाल्या, धुण्याभांड्यांच्या, सगळ्या बायकांना बोलावणं गेलं. अक्कांच्या हळदीकुंकवाला नवरा असलेली-नसलेली असा भेद पूर्वीपासून नाही. साठेक बायका आल्या. अक्का प्रत्येकीला शाळेतल्यासारखं उभं करून विचारायच्या, "तुला काय लागतंय? चपात्या ठेवायला? मग झाकणाचा डबा घे, लाजतीस काय!" स्टीलच्या वाट्यांवर देणाऱ्यांची नावं कोरलेली होती. एका म्हाताऱ्या बाईला नेमक्या तिच्याच नावाच्या सहा वाट्या मिळाल्या. तिनं त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाली, "बरं झालं बाई, माझ्या संचातल्या दोन हरवल्यात." संध्याकाळी खोलीच्या दाराशी दीड फरशी दिसू लागली. शहाबादी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आणि इथे आमची चूक झाली. अशी चूक संक्रांतीत घर रिकामं करायला निघालेल्या बायकाच करू जाणोत! आलेल्या साठ जणींच्या घरी साठ हळदीकुंकवं होती. अक्कांनी बोलावलं म्हणून त्यांनी अक्कांना बोलावलं. आणि बोलावल्यावर न जाणं हे अक्कांच्या रक्तात नाही. दोन दिवसांत त्या अकरा घरी जाऊन आल्या आणि अकरा वाणं घेऊन आल्या. शिवाय लेक पोटुशी आहे हे सगळ्यांना कळलेलं. मग ओटीचे नारळ, खण, आणि तान्ह्या बाळाला आधी जुनंच घालतात म्हणून गाठोडी भरभरून झबली-टोपडी. कुणाच्या नातवाचा पाळणा रिकामा झाला होता, तो आला. कुणाचा वॉकर आला. हळदीकुंकवानंतर पाचव्या दिवशी खोलीत तीन पाळणे, दोन वॉकर आणि एक प्लास्टिकचा घोडा होता, आणि ती दीड फरशी पुन्हा गडप झाली होती. अक्का घोड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लोकं किती माया करत्यात बघ." मी रागानं पाणीसुद्धा न पिता घरी निघून आले.

रथसप्तमीला सहा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी समोरच्या इमारतीतल्या बाईंकडे हळदीकुंकू होतं, मी अक्कांबरोबर पहाऱ्यासाठीच गेले. हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर लागलं, आणि मग त्या बाईंनी वाण पुढे केलं. बादली! झाकणासकट वीस लिटरची निळी बादली! अक्कांचे हात पुढे झाले, डोळ्यांत ती लकाकी आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्कांना नको. त्यांचा नेम आहे."

सगळ्या बायका थबकल्या. "कसला नेम?"

"लेक सुखरूप मोकळी होईपर्यंत कुणाची वस्तू घरात घ्यायची नाही. फक्त द्यायचं." एवढं मी एका दमात बोलले. आपल्याकडे माणसाला कशालाही नाही म्हणता येत नाही. पण नेम आहे म्हटलं की पुढे कुणी बोलत नाही. बाईंनी बादली खाली ठेवली आणि वाकून अक्कांना नमस्कार केला. मी जिंकले होते! पण रस्त्यावर आल्यावर अक्का थांबल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी आवाज चढवून बोलल्या नव्हत्या, तेव्हाही नाही बोलल्या. "लेकीच्या नावानं खोटं बोललीस," एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी मागोमाग गेले. घरी आल्यावर त्या चपला काढून थेट देवापाशी गेल्या, दिवा लावला, ओंजळीत पाणी घेतलं, आणि मी बोलले होते ते सगळं शब्दन् शब्द देवासमोर बोलून पाणी सोडलं. मग माझ्याकडे वळल्या. "आता खरं झालं. आता मोडायची सोय न्हाय."

आणि मग जे सहा दिवस सुरू झाले, बाई गं! नेम म्हणजे नेम. भाऊजी नवा टूथब्रश घेऊन आले तर त्यांना उंबऱ्याबाहेर थांबवलं. टूथब्रश ही वस्तू आहे की नाही यावर अक्कांनी पाच मिनिटं विचार केला आणि निकाल दिला, की खायचं ते आत येईल, बाकी एक आत तर एक बाहेर. भाऊजींनी जुना ब्रश गेटवर आणून दिला तेव्हा नवा आत आला. पेपर ते फाटकाशी उभ्यानं वाचून तिथूनच शेजाऱ्यांना देऊ लागले. दूधवाल्याकडून दूध दारातच पातेल्यात ओतून घ्यायचं आणि पिशवी त्यालाच परत, तो बिचारा रोज ती पिशवी हातात धरून विचारायचा, "काय चुकलं का आमचं?" आणि जो झरा आत यायचा बंद झाला, तो बाहेर धो धो वाहू लागला! तीन पाळणे तीन लेकुरवाळ्यांच्या घरी गेले. कुल्फीच्या काड्या आणि पुठ्ठे शाळेत गेले. चादरी चिंचोळी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांच्या खोल्यांवर गेल्या, आणि त्यातली एक मी हट्टानं फोडून भाऊजींच्या अंगावर घातली. भंगारवाल्याला बोलावणं गेलं तेव्हा तो आधी मलाच कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "बाईंची तब्येत बरी हाय न्हवं?" चारही मिक्सर त्याच्या गाडीवर चढले, तेव्हा अक्कांनी पदर तोंडाला लावला होता, पण हात मागे घेतला नाही. मी धावत होते, पोती बांधत होते, ओरडत होते. अख्ख्या आयुष्यात मला इतका आनंद झाला नव्हता.

रथसप्तमीला सकाळी अक्कांनी खोली धुतली. मग फोन आला. अक्कांनी फोन सगळीकडे फिरवला. चार भिंती, खिडकी, फरशी. पोरीनं फोन डोळ्यांजवळ धरला. मग पोरगी म्हणाली, "आई, ही कुणाची खोली?"

"तुझी," अक्का म्हणाल्या. "ये आता."

ती आली. गुढीपाडव्याच्या आसपास मुलगी झाली, सुखरूप. विकत किंवा मागून पाळणा आणायची सोय नव्हती, म्हणून अक्कांनी आधीच जुन्या साडीची झोळी बांधून ठेवली होती. रोज सकाळी पाय पसरून बसायच्या, नात पायांवर घ्यायच्या, तेल लावायच्या, आणि पाणी घालताना त्यांच्या तोंडाकडे बघत राहावंसं वाटायचं. नेम तर मुलगी झाली त्या दिवशीच सुटला होता. आता अक्का पुन्हा सुरू करणार, असं सगळी गल्ली म्हणत होती. मीही लक्ष ठेवून होते. पण एकही वस्तू आत आली नाही. तीन महिने झाले आणि जावई येऊन दोघींना पुण्याला घेऊन गेले.

परवा दुपारी मी सहज गेले होते. पुढच्या खोलीत कुणी नव्हतं. अक्का मागच्या खोलीत भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या होत्या. झोळी सोडून, धुऊन, घडी करून झाली होती, आणि खोलीत दुसरं काही नव्हतं. ज्या रिकाम्या खोलीसाठी मी इतकी वर्षं झुरले ती समोर होती, आणि मला ती बघवेना. मी म्हटलं, "अक्का, एखादं कपाट तरी आणून ठेवा की इथं. किंवा ती तुमची उलटी टांगलेली खुर्ची मागून घेऊ परत."

"नको," अक्का म्हणाल्या. "दिवाळीला येणार हाय ती. पोरगी रांगत आसंल तवर. रांगायला जागा लागंल की तिला."

मग मीही त्यांच्या शेजारी खाली बसले. भिंतीला पाठ लावली. फरशी थंडगार होती, आणि दिवाळीला अजून चार महिने होते.